अम्मानमध्ये एकच दिवस उरलाय: माडबा-नेबो की जेराश?

जॉर्डनमधलं पेत्रा उरकलं, परतीच्या विमानाआधी राजधानी अम्मानमध्ये एक मोकळा दिवस उरला. आता दक्षिणेला माडबा, नेबो पर्वत आणि यार्देनकाठ (म्हणजे जॉर्डन नदीचा काठ), की उत्तरेला जेराश? दोन्ही एका दिवसात करून देतो म्हणणारे ड्रायव्हर भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. दिवस गाडीतच जातो.

दक्षिणेची खरी कमाई माडबा. अम्मानहून जेमतेम तीसेक किलोमीटर. तिथल्या सेंट जॉर्ज चर्चच्या जमिनीत सहाव्या शतकातला मोझाइक नकाशा आहे, पवित्र भूमीचा आज टिकून असलेला सर्वांत जुना. बराचसा भाग गेला, तरी जेरुसलेमची तटबंदी, मधला खांबांचा रस्ता आणि ग्रीक नावं ठसठशीत आहेत. यार्देन नदीतला एक मासा जरूर शोधा. मृत समुद्राच्या तोंडाशी पोचून तो चक्क मागे फिरलाय! नकाशा करणाऱ्याला खाऱ्या पाण्याची पुरती कल्पना होती.

तिथून नेबो दहा किलोमीटर. देवाने इस्राएलींना देऊ केलेला वचनदत्त देश मोशेने (मोझेसने) इथून नुसता पाहिला, आत जाणं त्याच्या नशिबी नव्हतं (बायबलमधलं ‘अनुवाद’ पुस्तक, अध्याय 34). हवा स्वच्छ असेल तर दरीपलीकडचं यरीहो शहर दिसतं. एरवी धुरकट दरी बघून समाधान मानायचं. डोंगरावरच्या चर्चमधला 531 सालचा शिकारीच्या दृश्यांचा मोझाइक मात्र कधी निराश करत नाही.

यार्देनकाठचं अल-मगतास, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याची जागा, 2015 पासून जागतिक वारसा यादीत आहे. स्वतःची गाडी आत नेता येत नाही, त्यांच्याच बसने गाइडबरोबर जावं लागतं. नदी अरुंद, गढूळ. श्रद्धा नसेल तर ‘एवढंच?’ असं वाटेल. उन्हाळ्यात दरी भट्टीसारखी तापते, म्हणून हे सकाळीच उरका.

जेराश पन्नासेक किलोमीटरवर. शुभवर्तमानातल्या दकापलीसपैकी, म्हणजे दहा नगरांपैकी, हे एक. पण इथे यायचं ते रोमन शहरासाठी. रोमन सम्राट हेड्रियनची कमान, लंबगोल चौक, रथांच्या चाकोऱ्या उमटलेला खांबांचा रस्ता, आवाज खेळणारं नाट्यगृह. 749 च्या भूकंपानंतरही आर्टेमिस देवीच्या देवळाचे काही खांब उभे आहेत, वाऱ्यात किंचित डोलतात. तीन तास पायपीट, सावली जवळजवळ नाही, दगड उंचसखल. गुडघे दुखणाऱ्यांना त्यापेक्षा नेबो सोपा.

माझा कौल जेराशला, कारण तिथे काही ठाऊक नसलं तरी डोळ्यांना भरपूर मिळतं. वसईच्या किंवा अहिल्यानगरच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्याला मात्र मी बेलाशक दक्षिणेला धाडेन. मोशे आणि येशूला बाप्तिस्मा देणारा योहान त्याच्या ओळखीचे असतात, त्यामुळे गढूळ नदीही पुरते.

जॉर्डन पास (पर्यटकांसाठीचं एकत्रित प्रवेश-तिकीट) काढला असेल तर त्यात जेराश आणि जवळचा अजलूनचा किल्ला येतो. नेबो आणि माडब्याच्या चर्चचं तिकीट वेगळं, तेव्हा खिशात सुटे दिनार ठेवा.