सीबीआयची ‘गुप्त भरती’: माझ्या भावाचे साडेचार लाख गेले

सीबीआयमध्ये सब-इन्स्पेक्टर व्हायचं म्हणून पुण्यात राहून तयारी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला साडेचार लाखांना गंडवलं. त्याच्यासारखी कितीतरी पोरं आज सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसली आहेत, म्हणून सगळं लिहितोय.

गाठणारा माणूस अभ्यासिकेखालच्या टपरीवर भेटला. सुरुवातीला पैशाचं नावही नाही. रिझनिंगच्या नोट्स द्यायचा, पहाटे धावायला सोबत न्यायचा. ओळख मुरल्यावर त्याने एका ‘साहेबां’ना फोन लावून दिला. साहेब म्हणाले, अंडरकव्हर कामासाठी थेट भरती आहे, काम गोपनीय म्हणून जाहिरात निघत नाही. आईवडिलांपलीकडे कुणाला बोललास तर व्हेरिफिकेशनमध्ये नाव कटेल.

या एका धमकीने घात केला. मी रोज त्याच्याशी फोनवर बोलत होतो, तरी त्याने अवाक्षर काढलं नाही. बाबांनी सोयाबीनचे पैसे दिले, आईच्या पाटल्यांवर सोनेतारण कर्ज काढलं, आणि ‘ट्रेनिंग डिपॉझिट, नंतर परत मिळेल’ म्हणून सगळी रक्कम हप्त्याहप्त्याने कुणा खासगी माणसाच्या बचत खात्यात गेली. मागाहून तो रडत म्हणाला, “दादा, त्यांनी शपथ घातली होती.”

मग नेमणूकपत्र आणि ओळखपत्र आलं. दोन्ही आता माझ्यासमोर आहेत. अशोकस्तंभाखाली ‘सत्यमेव जयते’ नाही. पत्रावरची तारीख रविवारची. दोन्हींवरचा गोल शिक्का एकाच जागी तुटलेला, एकाच कोनात तिरका. हाताने मारलेले दोन शिक्के असे तंतोतंत कधी जुळत नाहीत. भाऊ हे पत्र घेऊन दिल्लीला लोधी रोडवरच्या सीबीआय मुख्यालयात हजर व्हायला गेला, तेव्हा गेटवरच त्याला कळलं.

खरी भरती अगदी उघड असते. सीबीआयचा सब-इन्स्पेक्टर केंद्र सरकारच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून निवडला जातो. ईडीचा असिस्टंट एन्फोर्समेंट ऑफिसरही त्याच परीक्षेतून. जाहिरात कमिशनच्या वेबसाइटवर, फी १०० रुपये, मुलींना तीही माफ. या पदांच्या मुलाखती २०१६ पासूनच बंद आहेत, त्यामुळे ‘मुलाखतीत सांभाळून घेतो’ म्हणणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. गुण आणि पसंतीक्रम यावर पद ठरतं. आयबीची, म्हणजे केंद्राच्या गुप्तचर विभागाची, परीक्षा वेगळी, पण तिचीही जाहिरात गृहमंत्रालय रीतसर काढतं. सीबीआयमध्ये प्रतिनियुक्तीवर येणारे असतात, पण ते आधीपासून सरकारी नोकरीत असलेले. डिपॉझिट यात कुठेच नाही.

ही चाल जुनी आहे. मार्च १९८७ मध्ये मुंबईत एका भामट्याने सीबीआय अधिकारी म्हणवून घेत वर्तमानपत्रात जाहिरात दिली, ताज हॉटेलात मुलाखती घेतल्या, आणि निवडलेल्या तरुणांना ऑपेरा हाऊसजवळच्या सराफी पेढीवर ‘धाड’ टाकायला नेलं. दागिने घेऊन तो पसार झाला, पोरं दुकानातच त्याची वाट बघत राहिली. लोक हा किस्सा भामट्याच्या हुशारीसाठी सांगतात. मला त्या पोरांच्या घरचे आठवतात.

पैशांइतकाच मोठा फटका कागदपत्रांचा. ‘पडताळणीसाठी’ म्हणून भावाची दहावी, बारावी आणि पदवीची मूळ प्रमाणपत्रं त्यांनी ठेवून घेतली होती. पैसे परत मागितले तेव्हा म्हणाले, तक्रार केलीस तर कागद जाळू आणि लाच दिल्याबद्दल तूच आत जाशील. या भीतीने आणखी दिवस गेले. आता डुप्लिकेट प्रतींसाठी बोर्ड आणि विद्यापीठाच्या खेपा चालू आहेत. खऱ्या भरतीत मूळ कागद तुमच्यासमोर तपासून तिथेच परत देतात.

आम्ही तक्रार दिली आहे. सरकारी नोकर असल्याची बतावणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे, फसवणूक कलम ३१८ खाली. शिवाय २०२४ च्या सार्वजनिक परीक्षा कायद्यात बनावट प्रवेशपत्र आणि नेमणूकपत्र देणाऱ्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. असं पत्र घरात आलं असेल आणि पैसे नुकतेच गेले असतील, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम समोरच्या खात्यातून निघाली नसेल तर ती गोठवता येते. आमच्या वेळी खातं कधीच रिकामं झालं होतं.