तापणाऱ्या जेलसाठी गोल्ड नॅनोरॉड की पॉलिडोपामीन?

८०८ नॅनोमीटरच्या लेझरने तापणारं जेल करायचं असेल, तर तापणारे कण म्हणून निवड बहुतेकदा गोल्ड नॅनोरॉड (सोन्याच्या अतिसूक्ष्म काड्या) आणि पॉलिडोपामीन (डोपामीनचे रेणू जोडून बनणारे गडद कण) या दोघांत येऊन थांबते. पहिलाच प्रकल्प असेल तर आम्ही पॉलिडोपामीन सुचवू, आणि त्याचं निम्मं कारण ग्वाल्हेरची हवा आहे.

नॅनोरॉड ०.१ मोलर सीटॅबच्या (साबणासारखं एक रसायन) द्रावणात २७ ते ३० अंशांवर वाढतात. सीटॅब साधारण २५ अंशांखाली स्फटिक होऊन खाली बसतं. जानेवारीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गार खोलीत बाटलीच्या तळाशी पांढऱ्या सुया दिसतील. वरचंच पाणी पिपेटने उचललंत तर सगळं प्रमाण बिघडतं. आधी कोमट करून पूर्ण विरघळू द्या. मे महिन्यात अडचण उलटी: वॉटर बाथ तापवतो, गार करत नाही. खोलीच ४० अंशांवर असेल तर तो २८ वर येणार कसा? शिवाय सीटॅबमध्ये आयोडाइडचा अंश असला तरी रॉड बिघडतात, म्हणून जमलेल्या लॉटचा नंबर टिपून ठेवा. आणि सराफ्यातला दागिना विरघळवून पैसे वाचवू नका, त्यातलं तांबं-चांदी सोबत येतं.

रॉड झाले तरी मोकळं सीटॅब पेशी मारतं. ते सेंट्रिफ्यूजने काढावं लागतं, पण जास्त धुतलं की रॉड एकमेकांना चिकटतात. म्हणून मधेच थायोल-पेग (सोन्याला चिकटून रॉड वेगळे ठेवणारं पॉलिमर) चढवा.

पॉलिडोपामीनला एवढे लाड लागत नाहीत. ९० मिलि पाणी, ४० मिलि इथेनॉल, २ मिलि तीव्र अमोनिया. ३० अंशांवर अर्धा तास ढवळा. मग १० मिलि पाण्यात विरघळवलेलं ०.५ ग्रॅम डोपामीन हायड्रोक्लोराइड ओता. पिवळसर रंग हळूहळू गडद तपकिरी होतो. २४ तास ढवळत ठेवा, पण बूच घट्ट लावू नका, ऑक्सिजन लागतो. अमोनियाची जुनी, उडून गेलेली बाटली वापरली तर कण मोठे होतात.

त्याचा खरा दोष जेलमध्ये दिसतो. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या जेलमध्ये ते रॅडिकल (जेल जोडणारे क्रियाशील रेणू) गिळतं आणि जेल लिबलिबीत राहतं. १ टक्का अॅगारोज घ्या, ते नुसतं गार होऊन घट्ट होतं, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

तापमान मोजताना थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लेझर किरणाच्या वाटेत नको, तो स्वतःच तापून खोटा आकडा देतो. कण नसलेलं जेलही शेजारी मोजा. त्वचेसाठी या लेझरची सुरक्षित मर्यादा सुमारे ०.३३ वॅट प्रति चौरस सेंटिमीटर धरतात. १ वॅटवरचे सुंदर आलेख तिथे कामाचे नाहीत.

ठरावीक तरंगलांबीलाच टोकदार प्रतिसाद हवा असेल, तर मात्र रॉडच घ्या. पॉलिडोपामीनचं शोषण पसरट असतं, त्याला तसं शिखर नाही. फक्त पल्स लेझर जपून वापरा, रॉड वितळून गोळे होतात.