सोलापूरच्या उन्हात कृत्रिम लॉन: दिवाळीपासून आषाढापर्यंतचा अनुभव

जुळे सोलापुरातील आमच्या घराचे तोंड पूर्वेला आहे. पुढे साधारण ३०० चौरस फुटांचे अंगण आहे, त्यात एक जुना कडुनिंब आहे आणि मागे, पश्चिमेला, शहाबादी फरशीची मोकळी जागा आहे. गेल्या दिवाळीआधी आम्ही पुढच्या अंगणात कृत्रिम लॉन बसवले. हिवाळा, अख्खा उन्हाळा आणि मृगाचा पाऊस झाल्यावर आता त्याबद्दल खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

खरी हिरवळ न लावण्याचे कारण पाणी हेच होते. हिरवळीला उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले, तरी एवढ्या जागेला रोज सुमारे १४० लिटर लागतात. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि मे महिन्यात बोअरचा भरवसा नसतो, तिथे हे पाणी गवतावर ओतणे आम्हाला पटले नाही.

निवड करताना सर्वांत मोठा प्रश्न उन्हाचा आहे, आणि विक्रेते नेमके त्यावरच कमी बोलतात. गवत मुळांनी घेतलेले पाणी पानांतून बाहेर टाकत राहते, म्हणून ते थंड राहते. प्लास्टिकच्या पात्यांना ती सोय नाही. मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास, हवेचे तापमान ४२ अंशांच्या पुढे असताना, उरलेला एक तुकडा मी पश्चिमेच्या फरशीवर उन्हात टाकून इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजला. तो ६५ अंशांच्या वर गेला होता आणि शेजारची फरशी त्याच्यापेक्षा बरीच कमी होती. त्याच वेळी कडुनिंबाखालचे लॉन हवेपेक्षा दोन-तीन अंशांनीच गरम होते. तुकड्यावर पाणी मारून पाहिले. तो लगेच निवला, पण अर्ध्या तासात पुन्हा तापला. कृत्रिम लॉन जगभर गाजले ते १९६६ साली ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये, आणि त्या मैदानावर छप्पर होते, ही गोष्ट खरेदीआधी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मात्र संध्याकाळी चित्र उलटे होते, आणि आमच्या दृष्टीने या वस्तूचा खरा उपयोग तिथेच आहे. शहाबादी फरशी दिवसभर उष्णता साठवते आणि रात्री जेवणे होईपर्यंत ती बाहेर टाकत राहते. लॉनची पाती हलकी असल्याने त्यांत उष्णता टिकत नाही. दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात त्यावर अनवाणी बसता येते. या उन्हाळ्यात आमच्या सासूबाई, ज्यांना गुडघ्यांमुळे गच्चीवर जाता येत नाही, रोज रात्री अंगणातच पाठ टेकत होत्या, आणि केवळ तेवढ्यासाठीही मला हा खर्च योग्य वाटतो.

मालाबद्दल सांगायचे तर दुकानात आम्हाला ५० मिलिमीटर उंचीचे लॉन मऊ म्हणून सुचवले जात होते. आम्ही ३५ मिलिमीटरचे घेतले. उंच पाती उष्णतेने आणि वावराने लवकर आडवी होतात, तर आखूड आणि दाट पाती खालच्या कुरळ्या धाग्यांच्या आधाराने उभी राहतात. पाती पॉलिएथिलीनची असावीत. नुसत्या पॉलिप्रॉपिलीनच्या स्वस्त चटया उन्हात लवकर कडक होऊन तुटू लागतात. अतिनील किरणांपासून संरक्षणाची हमी बिलावर लिहून घ्यावी, आणि नमुन्यावर तांब्याभर पाणी ओतून ते मागच्या भोकांतून झटपट उतरते का, हे दुकानातच पाहावे. पात्यांच्या मधल्या भरावासाठी काळा रबराचा चुरा घेऊ नये, तो आणखी तापतो. आम्ही सिलिका वाळू पसरली.

लॉनइतकेच महत्त्व त्याखालच्या कामाला आहे, कारण इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. त्यावर थेट लॉन अंथरले, तर एका पावसाळ्यात खड्डे आणि उंचवटे दिसू लागतील. आम्ही वीतभर माती काढून मुरूम भरला, पाणी मारून धुम्मसने ठोकून घेतला, वर बारीक कच पसरली आणि फाटकाकडे उतार ठेवला. जूनमधल्या दोन मोठ्या सरींनंतर पाणी कुठेही साचले नाही.

देखभाल लागतच नाही, हे म्हणणे खरे नाही. फाल्गुनात कडुनिंबाची पानगळ झाली, तेव्हा रोज झाडावे लागले, आणि तेही पात्यांच्या कलाच्या उलट दिशेने, नाहीतर पाने आत अडकून बसतात. आता निंबोळ्या पडत आहेत. पायाखाली चिरडल्या की त्यांचा चिकट गर पात्यांना धरतो, म्हणून त्या सकाळीच वेचाव्या लागतात. बोअरच्या पाण्याने धुतले की क्षारांची पांढरी बुरशीसारखी पूड पात्यांच्या टोकांवर उरते. ती ओल्या फडक्याने जाते, पण शक्य असेल तर नळाच्या पाण्याने धुवावे. दिवाळीत फुलबाजीची एक ठिणगी पडली, तिथे पाती वितळून शेंगदाण्याएवढी कडक गाठ झाली आहे. ती कात्रीने कापता येते, पुन्हा पूर्ववत होत नाही.

पश्चिमेकडच्या जागेतही लॉन घालावे, असा मुलांचा आग्रह आहे, पण मी तयार नाही. तिथे दुपारी एकपासून सूर्यास्तापर्यंत थेट ऊन असते. शिवाय कुरडया, पापड आणि सांडगे वाळवायला तीच जागा लागते, आणि त्यासाठी स्वच्छ पुसता येणारी फरशीच हवी. ज्यांच्या अंगणाला दुपारनंतर घराची किंवा झाडाची सावली मिळते, त्यांनी हे लॉन निःशंक घ्यावे. ज्यांचे अंगण पश्चिमेला उघडे आहे, त्यांनी आधी शेडनेटचा खर्च धरावा, नाहीतर तोच पैसा एखाद्या करंज किंवा कडुनिंबाच्या रोपावर आणि त्याच्या आळ्यावर घालावा.