तयार क्रीमी सॉसचे पाकीट: चिकन पास्त्यासाठी घ्यावे का?

कमी खर्चात चौघांपुरता क्रीमी चिकन पास्ता करायचा म्हणून मी तयार सॉसच्या भुकटीची चार पाकिटे एकदम घेतली आणि त्यांपैकी तीन वापरून पाहिली. कृती सोपी आहे: भुकटी अर्धा लिटर दुधात कालवायची, ढवळत उकळी आणायची आणि त्यात चिकन व उकडलेला पास्ता सोडायचा. तिन्ही वेळा सॉसमध्ये एकही गुठळी झाली नाही, हे पाकिटाचे खरे श्रेय. घाईच्या संध्याकाळी तेही थोडके नव्हे.

तक्रार सुरू होते ती घटकांची यादी वाचल्यावर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, आणि माझ्या पाकिटावर कॉर्नफ्लोर व मैदा अगदी वर, त्यांच्यामागे दुधाची भुकटी आणि मीठ, तर वेष्टनावरील चित्रात ओसंडून वाहणारे चीज यादीच्या तळाशी होते. म्हणजे सॉसमधला महाग भाग, दूध, आपणच घालायचे आणि पैसे मात्र पिठाचे व मिठाचे मोजायचे. पहिल्या दिवशी पास्ता नेहमीप्रमाणे मिठाच्या पाण्यात उकडून तेच पाणी सॉसमध्ये घातले, तर पदार्थ इतका खारट झाला की मुलांनी चिकन तेवढे वेचून खाल्ले. उरलेल्या पास्त्याची दुसऱ्या दिवशी वडी पडली होती आणि तिच्या कडेने पाणी सुटले होते. कॉर्नफ्लोरचा सॉस गार झाल्यावर असाच थिजतो.

तुलनेसाठी चौथ्यांदा सॉस घरीच केला. 30 ग्रॅम लोण्यात 30 ग्रॅम मैदा मंद आचेवर दोन मिनिटे परतला. कच्चा वास जावा पण रंग चढू नये, एवढाच. मग अर्धा लिटर द्रव थोडा थोडा करून घातला. पहिल्या दोन पळ्यांना मिश्रणाचा कणकेसारखा गोळा होतो आणि सगळे बिघडले असे वाटते, परंतु ढवळत राहिल्यास तो सैल होत जातो. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली, तेव्हा गॅस बंद केला आणि मगच किसलेले चीज घातले, कारण उकळत्या सॉसमध्ये चीज फाटून तार धरते. मिरपूड आणि चिमूटभर जायफळ पुरले.

द्रव असे मुद्दाम म्हटले, कारण त्यात निम्मे दूध आणि निम्मे चिकनचे पाणी होते, आणि खरी बचत याच ठिकाणी झाली. पाकिटावर हाडाविना छातीचे तुकडे वापरण्याची शिफारस आहे. ते सहसा महाग पडतात आणि दोन मिनिटे जास्त शिजले तरी चोथट होतात. त्याऐवजी हाडासकट मांड्या घेऊन कांदा, लसूण व मिऱ्यांबरोबर झाकण ठेवून मंद शिजवल्या. मांडीच्या मांसात चरबी आणि चिकट ऊती अधिक असल्यामुळे ते जास्त वेळ शिजूनही मऊ राहते, शिवाय हाडांचा उतरलेला रस दुधाचा निम्मा खर्च वाचवतो. मांस हाताने सोलून त्याचे रेषे केले, तेव्हा थोडेच चिकन सगळ्या पातेलेभर पसरले.

पास्त्यात मात्र काटकसर नको. ड्युरम, म्हणजे कडक दाण्याच्या गव्हाचा घ्यावा, माणशी 80 ग्रॅम पुरतो, आणि तो वेळेच्या एक मिनिट आधी उतरवून उरलेला सॉसमध्येच शिजू द्यावा.

घरच्या सॉसला पाकिटापेक्षा साधारण दहा मिनिटे जास्त लागली. दुसऱ्या दिवशी तोही दाटला होता, पण दोन चमचे दूध घालून गरम करताच पूर्ववत झाला. त्यामुळे पाच गुणांपैकी मी पाकिटाला दोनच देईन, तेही गुठळ्या न होण्यासाठी. चौथे पाकीट फडताळात आहे. त्यातील चमचाभर भुकटी गार दुधात कालवून सुपात घातली तर सूप छान दाट होते, फक्त त्या दिवशी वेगळे मीठ घालायचे नाही.