सेलेस्ट: आठ महिने, अकरा हजार मरणं आणि न थांबणारं संगीत

आठ महिन्यांपूर्वी सेलेस्ट हा व्हिडिओ गेम सुरू केला तेव्हा पहिल्या तासातच तो बंद करायच्या बेतात होते. आज माझ्या सेव्ह फाइलमध्ये ११,२७४ मरणं नोंदलेली आहेत. मुख्य सात अध्याय झाले, सगळ्या बी-साइड (म्हणजे अध्यायांची अवघड रूपं) झाल्या, आणि ‘फेअरवेल’ हा शेवटचा अवघड अध्याय गेल्याच आठवड्यात संपला. गेम आवडला की नाही हे मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. तो का आवडला हे नीट कळायला मात्र एवढे महिने गेले, म्हणून आत्ता लिहितेय.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम, २५ जानेवारी २०१८ला आला. मॅडलिन नावाची मुलगी एक डोंगर चढायला निघते, एवढीच गोष्ट. तिला उडी मारता येते, दमसास टिकेल तोवर भिंत धरून चढता येतं, आणि हवेत एकदा, आठापैकी कुठल्याही दिशेला, झेप घेता येते. या झेपेला सगळे डॅशच म्हणतात. डॅश शिल्लक असेल तर केस लाल, वापरला की निळे. पाय जमिनीला टेकले की पुन्हा लाल. कोपऱ्यात आकडे नाहीत, पट्ट्या नाहीत. सगळी माहिती तिच्या केसांतच.

मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी हा गेम आधी पिको-८ या छोट्या, सॉफ्टवेअरमधल्या गेम-कन्सोलसाठी चार दिवसांत केला होता: १२८ गुणिले १२८ पिक्सेलचा स्क्रीन आणि १६ रंग. तो चिमुकला गेम मोठ्या गेमच्या तिसऱ्या अध्यायात, एका जुन्या हॉटेलच्या खोलीत लपवून ठेवलाय. मला तो चौथ्या महिन्यात सापडला. उडी आणि डॅशचा मूळ जीव त्यातच आहे, आणि एवढ्याशा बीजातून पुढे काय काय उगवलं हे हाताने अनुभवता येतं. तो जरूर शोधा.

आता मुद्द्याची गोष्ट. पहिल्या अध्यायातल्या एका खोलीत मी अडकले होते. धाकटा भाऊ शेजारी पुस्तक वाचत पडला होता, स्क्रीनकडे त्याचं लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “ताई, भारी जमतंय की तुला. एकदाही अडकली नाहीस.”

मी म्हटलं, “अरे, चाळीस वेळा मेले आत्तापर्यंत.”

“मग गाणं कसं थांबलं नाही?”

मी क्षणभर थांबले आणि मुद्दाम खड्ड्यात उडी मारून पाहिली. खरंच, मॅडलिन फुटली, खोलीच्या सुरुवातीला परत आली, आणि संगीत जिथे होतं तिथून पुढे चालत राहिलं. ठेका चुकला नाही, धून पहिल्यापासून सुरू झाली नाही. मी लहानपणापासून जे गेम खेळत आले त्यांत मेल्यावर एक पडेल सूर वाजायचा, काळा पडदा यायचा आणि गाणं परत पहिल्यापासून. तेच पहिले आठ सूर शंभर वेळा ऐकले की त्या सुरांचाच राग यायला लागतो. इथे तसं होत नाही. मरणं आणि परत उभं राहणं सेकंदाच्या आसपास उरकतं, आणि गाण्याच्या लेखी ते घडलेलंच नसतं. गायक समेवर यायला चुकला तरी तबलजी ठेका सोडत नाही, तसं काहीसं. आपण पुढच्या आवर्तनात सामील व्हायचं.

त्या दिवसापासून मी हा गेम कानांनी खेळायला लागले.

संगीत लीना रेन यांचं आहे. पियानो आणि सिंथ (इलेक्ट्रॉनिक सुरांचं वाद्य) ही मुख्य वाद्यं. पण सूर चांगले आहेत एवढ्यावर भागत नाही. ते खेळाला जसे बांधलेत त्यात खरी कारागिरी आहे. गाणी थरांमध्ये रचलेली आहेत. एखाद्या भागात पोचलं की ताल जागा होतो, पुढे गेलं की खालचा बेस वर येतो, शांत जागी सगळं विरून फक्त पियानो उरतो. दुसऱ्या अध्यायात हे सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं. सुरुवातीला रात्र, पडके अवशेष आणि अगदी जपून वाजणारं संगीत. मग आरसा फुटतो, मॅडलिनचीच एक सावली बाहेर पडते, आपण जिथून गेलो तिथूनच आपल्या मागे यायला लागते, आणि तीच धून अंगावर धावून येते. साउंडट्रॅकवर हे गाणं नऊ मिनिटांहून लांब आहे. तिथे ते सलग ऐकताना मला खोल्या दिसतात: इथे ते काटे, इथे ती निळी-काळी ताऱ्यांची भिंत, इथे मी पाऊण तास घालवला.

आणि गाण्याचा पुढचा भाग मिळवावा लागतो. तुम्ही पुढे सरकलात तरच संगीत पुढे सरकतं. तिसऱ्या अध्यायात हॉटेलचा मालक ओशिरो बिथरतो तेव्हा त्याची धूनही त्याच्यासोबत बिथरत जाते. सातव्या अध्यायात, शिखरावर, आधीच्या सगळ्या अध्यायांच्या धून एकेका टप्प्यावर परत भेटतात आणि शेवटच्या चढावर एक होतात. तिथे तीस निशाणं लावलीत, ३०पासून खाली मोजत जाणारी. मी बाराव्या निशाणाशी खूप वेळ अडकले होते. हात थरथरत होते, पण गाणं पूर्ण भरात होतं आणि ते सोडून उठायचं मनातही आलं नाही. वर पोचले तेव्हा रडले.

पात्रांच्या बोलण्याबद्दलही सांगायला हवं. खाली अक्षरं उमटतात आणि वर शब्दांऐवजी सिंथचे सूर ऐकू येतात. हे काम पॉवर अप ऑडिओ या साउंड स्टुडिओचं. मॅडलिनचा सूर वेगळा, वाटेत भेटणाऱ्या थिओचा वेगळा, डोंगरावरच्या म्हातारीचा खवचट. पहिले दोन दिवस मला ते विचित्र वाटलं. महिन्याभरात नुसत्या आवाजावरून कोण चिडलंय, कोण घाबरलंय हे कळायला लागलं.

न थांबणारं संगीत खेळणाऱ्याला सांभाळून घेतं, तसंच खेळाचं आतलं गणितही घेतं. हे मला पाचव्या-सहाव्या महिन्यात कळलं. कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाचा दहावा भाग उडीचं बटण चालतं. खेळणारे याला कोयोटी टाइम म्हणतात. भिंतीला अगदी चिकटलेलं नसलं, काही पिक्सेल लांब असलं, तरी भिंतीवरून उडी मिळते. वर उडताना डोकं कोपऱ्याला जरासं लागलं तर गेम मॅडलिनला हळूच बाजूला सरकवतो. थॉर्सन यांनी हे बारकावे उघडपणे समजावून सांगितलेत, आणि मॅडलिनच्या हालचालींचा सोर्स कोडही सगळ्यांना वाचायला ठेवलाय. मी तो वाचला. मला प्रोग्रामिंग जेमतेम येतं, पण त्यातल्या व्हेरिएबलची नावंच इतकी सरळ आहेत की बरंच समजतं. हजारो वेळा मेल्यावरही गेम आपल्या बाजूने आहे असं का वाटत राहतं, त्याचं कारण त्या ओळींमध्ये लिहिलेलं सापडलं. गेममध्येच एक पोस्टकार्डही येतं: मरणांच्या आकड्याचा अभिमान बाळगा, जितके मराल तितकं शिकताय. सुरुवातीला मी ते वाचून पुढे गेले होते. आता तो आकडा मी आनंदाने पहिल्याच परिच्छेदात लिहिलाय.

बी-साइडकडे वळते, कारण माझे नंतरचे महिने तिथेच गेले. प्रत्येक अध्यायात एक कॅसेट लपलेली असते. ती जिथे असते तिथले ठोकळे संगीताच्या ठेक्यावर आलटून पालटून घट्ट आणि पोकळ होतात, म्हणजे ताल पकडल्याशिवाय पाय ठेवायला जागाच नाही. कॅसेट मिळाली की त्या अध्यायाचं अवघड रूप उघडतं, आणि सोबत त्याच धूनेचं नवं रूप, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या संगीतकाराने केलेलं. या एका कल्पनेने माझं गेमचं संगीत ऐकणंच बदललं. दुसऱ्या अध्यायाची बी-साइड बेन प्रंटी यांची. ती इतकी आवडली की त्यांनी आणखी काय केलंय ते शोधलं आणि ‘एफटीएल: फास्टर दॅन लाइट’ या २०१२च्या गेमपाशी पोचले. सहाव्या अध्यायाची जुकिओ कॅलिओ यांची, तिथून ‘न्यूक्लिअर थ्रोन’. लीना रेन यांच्या नावावरून ‘चिकोरी’पर्यंत गेले, ज्यात एक कुत्रा मोठा कुंचला घेऊन जग रंगवतो, आणि माइनक्राफ्टच्या २०२०च्या नेदर अपडेटमधल्या त्यांच्या धूनांपर्यंतही. आधी मी गेम नावावरून किंवा चित्रांवरून निवडायचे. आता संगीतकाराचं नाव आधी बघते. एकाच धूनेला वेगवेगळे कपडे घालून संपूर्ण गोष्ट सांगता येते हे सेलेस्टने कानाला शिकवलं, म्हणून २०१५चा ‘अंडरटेल’ परत खेळले. गेम आणि संगीत दोन्ही मुख्यतः टोबी फॉक्स या एकाच माणसाचं. पहिल्या वेळी न ऐकलेले किती धागे या वेळी सापडले!

सगळंच आवडलं असं नाही. पाचवा अध्याय, आरशांचं मंदिर, मला आजही जड जातो. अंधार, एकसारख्या दिसणाऱ्या वाटा, आणि बाकीच्या डोंगरावर असते ती वर जाण्याची ओढ इथे तुटते. संगीतही मुद्दाम अस्वस्थ करणारं आहे, त्यात उलटा वाजवलेला माणसाचा आवाज आहे. कल्पना जबरदस्त आहे, पण तिथे तासन् तास काढावेत असं वाटत नाही. मी तो अध्याय रोज थोडा थोडा करून संपवला. तिरक्या डॅशसाठी अ‍ॅनलॉग स्टिकपेक्षा दिशांची बटणं वापरा. मी दोन महिने स्टिकवर काढले आणि अनेक डॅश चुकीच्या दिशेला गेले. आणि मनगटाला विश्रांती द्या. बी-साइडच्या दिवसांत माझा उजवा अंगठा इतका दुखायला लागला की आठवडाभर काहीच खेळले नाही. त्या आठवड्यात फक्त साउंडट्रॅक ऐकला.

अवघड वाटेल या भीतीने कुणी थांबलं असेल तर असिस्ट मोड आहे. वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो, दमसास अमर्याद करता येतो, डॅश वाढवता येतात, हवं तर मरणंच बंद करता येतं. भाऊ ७० टक्के वेगावर खेळतो. आधी मला वाटलं होतं की यामुळे त्याचा आनंद कमी होईल. त्याला चौथ्या अध्यायातला वाऱ्याचा पट्टा पार करताना पाहिलं आणि ते मत सोडून दिलं. त्याचा श्वास माझ्याइतकाच अडकला होता.

‘फेअरवेल’ ९ सप्टेंबर २०१९ला मोफत आला. शंभराहून जास्त खोल्या आणि स्वतःचं वेगळं, लांबलचक संगीत. मधल्या एका टप्प्यावर वेव्हडॅश नावाची चाल स्लाइड दाखवून शिकवली जाते, आणि ती बोटांत बसल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मला ती बसायला नऊ दिवस लागले. हा अध्याय कुणाच्या तरी जाण्याबद्दल आहे. याहून जास्त सांगणार नाही. एवढंच, की शेवटच्या लांब खोलीत दोनशेवर वेळा मेले आणि त्या संगीताचा कंटाळा एकदाही आला नाही.

पुढे चाहत्यांनी केलेलं कामही तेवढंच मोलाचं आहे. २०२३मध्ये आलेला ‘स्ट्रॉबेरी जॅम’ हा मॉड (मूळ गेमवर चाहत्यांनी केलेली भर) म्हणजे कितीतरी लोकांनी मिळून केलेल्या लेव्हलचा खजिना. नवख्यापासून ग्रँडमास्टरपर्यंत पायऱ्या लावलेल्या, आणि सोबत चाहत्यांनीच रचलेलं नवं संगीत. मी पहिल्या पायरीवर आहे. काही खोल्यांचं संगीत ऐकताना हे करणाऱ्यांनीही माझ्यासारखेच तेच सूर हजारो वेळा ऐकलेत, हे लगेच कळतं. मूळ मंडळींनी जानेवारी २०२४मध्ये ‘सेलेस्ट ६४’ हा छोटा त्रिमितीय गेम मोफत दिला. तो एका संध्याकाळीच होतो, पण डॅशची पकड अगदी तीच.

भाऊ आता सहाव्या अध्यायात आहे, मॅडलिन आपल्याच सावलीचा पाठलाग करते त्या भागात. तिथे प्रत्येक वेळी तिला गाठलं की संगीत एक पायरी वर चढतं. मी हे लिहितेय आणि शेजारच्या खोलीतून ते ऐकू येतंय. अर्ध्या तासापासून तीच पायरी वाजतेय, एकदाही न थांबता. आत्ता चढली.