ड्रोन विमानाने न्यायचा: हातात, लगेजमध्ये की रस्त्याने?

सातारा-सांगलीतून प्री-वेडिंगच्या शूटिंगसाठी उदयपूरला किंवा मुन्नारला ड्रोन न्यायचा म्हटलं की पहिली चौकशी बॅगेची होते. पाठीवरची बॅग बरी की हार्ड केस? फोम कापून घ्यायचा का? या खरेदीला बसण्याआधी बॅटरीवरचा एक आकडा वाचा. बॅग त्यावरून ठरते, आणि काही वेळा विमानाचा नाद सोडावा हेही त्यावरूनच ठरतं.

हा आकडा वॅट-अवरचा. बहुतेक बॅटऱ्यांवर तो बारीक अक्षरांत छापलेला असतो. नसेल तर एमएएचला (बॅटरीच्या क्षमतेचा छापील आकडा) १००० ने भागा आणि व्होल्टने गुणा. विमानात प्रवाशासोबत जाणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांचे तीन गट पडतात. १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी वेगळ्या परवानगीशिवाय चालते. १०० ते १६० मधली विमान कंपनीच्या मंजुरीने चालते, आणि सुट्या अशा दोनच नेता येतात. १६० च्या वरची प्रवाशाच्या सामानात चालतच नाही. सुटी बॅटरी कितीही लहान असली तरी ती केबिनमध्येच न्यायची, चेक-इन बॅगेत टाकायची नाही. पॉवर बँकेलाही हेच लागू.

आपल्या भागात दिसणाऱ्या ड्रोनचा हिशेब असा लागतो (एका बॅटरीचे वॅट-अवर):

मिनी ४ प्रोची साधी बॅटरी: सुमारे १९
एअर ३: ६२.६
मॅव्हिक ३: ७७
फँटम ४ प्रो: ८९.२
मॅट्रिस ३० ची टीबी३०: १३१.६
मॅट्रिस ३०० ची टीबी६०: २७४
फवारणीच्या ड्रोनची ४४.४ व्होल्ट, २२००० एमएएचची बॅटरी: सुमारे ९७७

पहिले चार बिनधास्त. मॅट्रिस ३० मात्र नीट विचार करून न्या. तो उडायलाच दोन बॅटऱ्या लागतात आणि माणशी सुट्या दोनच चालतात, म्हणजे एका माणसामागे एकच उड्डाण-जोडी हातात राहते. सोबत सहायक असेल तर दुसरी जोडी त्याच्या नावावर, त्याच्या बॅगेत, त्याच्या वेगळ्या मंजुरीने. ही मंजुरी ईमेलवर घ्या आणि छापून जवळ ठेवा. काउंटरवरच्या माणसाला "फोनवर हो म्हणाले होते" चालत नाही. वाटेत विमान कंपनी बदलत असेल तर दुसऱ्या कंपनीची मंजुरीही लागते.

सगळं हातात

मिनी, एअर, मॅव्हिक या वर्गासाठी आमचा कौल पाठीवरच्या बॅगेला. एअर ३ बॅटरीसकट ७२० ग्रॅम, जादा दोन बॅटऱ्या ५३४ ग्रॅम, वर रिमोट, चार्जर, चार्जिंग हब, पंख्याची जादा पाती आणि बॅगेचं स्वतःचं वजन धरून साडेतीन किलोच्या आसपास जातं. देशांतर्गत साध्या तिकिटावर हातातल्या बॅगेची मर्यादा बहुतेक ठिकाणी ७ किलो असते. उरलेल्या वजनात एक कॅमेरा बॉडी आणि दोन लेन्स बसतात. लॅपटॉपही घातलात तर काटा पुढे सरकतो.

फायदा उघड आहे: ड्रोन कुणी आपटत नाही. अडचण अशी की ड्रोन केबिनमध्ये घ्यायचा की नाही याबाबत सगळ्या विमान कंपन्यांचं एकमत नाही. काही जण फक्त चेक-इनमध्ये, बॅटरी काढून, असं सांगतात. तिकीट काढण्याआधी विचारा. दुसरी अडचण गेटवरची. विमान भरलेलं असलं किंवा वरचे कप्पे लहान असले की ऐनवेळी बॅग मागून घेतात आणि खाली सामानात टाकतात. त्या घाईत बॅटऱ्या आतच राहिल्या तर तुम्ही नकळत नियम मोडलेला असतो. म्हणून सगळ्या बॅटऱ्या एका वेगळ्या पाऊचमध्ये, बॅगेच्या अगदी वरच्या कप्प्यात ठेवा. बॅग मागितली की पाऊच काढायचा, बॅग द्यायची. त्याच विचाराने बॅगेत ड्रोनभोवती दोन बोटं जाडीचा फोम ठेवा. खाली जायची पाळी आलीच तर निभावेल.

ड्रोन लगेजमध्ये, बॅटऱ्या हातात

मोठा ड्रोन, दोन-तीन लेन्स, गिंबल स्टँड, लाइट असं सगळं असेल तर ७ किलोत बसण्याचा प्रश्नच नाही. मग ड्रोनची बॉडी हार्ड केसमध्ये चेक-इनला आणि बॅटऱ्या हातात. केसचं स्वतःचं वजनच तीन-चार किलो असतं आणि चेक-इनची मर्यादा बऱ्याच तिकिटांवर १५ किलो, तेव्हा जादा वजनाचे पैसे आधीच ऑनलाइन भरा. काउंटरवर तेच महाग पडतं.

या पद्धतीत नुकसान जवळजवळ नेहमी गिंबलचं, म्हणजे ड्रोनचा कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाचं होतं. कॅमेरा चार छोट्या रबरांवर लटकलेला असतो आणि त्याच्या मागून केसासारखी पातळ रिबन केबल जाते. केस एका कोपऱ्यावर आपटली की बाहेर ओरखडाही दिसत नाही, पण आतला कॅमेरा झोका खातो. रबर निसटतं, नाहीतर केबल फाटते. मुक्कामी पोचून ड्रोन चालू केला की स्क्रीनवर गिंबल मोटर ओव्हरलोडचा इशारा येतो. त्यामुळे ड्रोन कंपनीची गिंबल क्लॅम्प बसवल्याशिवाय केस बंद करायची नाही. क्लॅम्प बसल्यावर कॅमेरा बोटाने हलका ढकलून पाहा; हलला तर ती नीट बसलेली नाही. पाती दुमडून पट्टीने बांधा, मेमरी कार्ड काढून खिशात ठेवा, रिमोटच्या दांड्या काढून फोमच्या खाचेत घाला. रिमोटमध्ये बॅटरी आतच बसवलेली असते, तेव्हा रिमोट शक्यतो हातातच न्या. चेक-इनमध्ये टाकायचाच असेल तर पूर्ण बंद करून, बटण दाबलं जाणार नाही असा.

हवाबंद केस असेल तर तिला प्रेशर व्हॉल्व्ह आहे का ते पाहून घ्या. विमानाच्या पोटातला दाब वर गेल्यावर कमी होतो. व्हॉल्व्ह नसलेली केस उतरल्यावर इतकी गच्च बसते की झाकण उघडता उघडत नाही, आणि मग लोक पाना घालून झाकणच वाकवतात.

झाकणाच्या आतल्या बाजूला इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'बॅटऱ्या काढलेल्या आहेत' असा कागद चिकटवा. सामानाच्या एक्स-रेमध्ये ड्रोनचा आकार दिसला की तपासणाऱ्याला पहिली शंका बॅटरीचीच येते. शंका आली की तुमच्या नावाची घोषणा होते, आणि तेव्हा तुम्ही सिक्युरिटी ओलांडून आत गेलेले असता.

पैशाच्या बाजूनेही एक गोष्ट लक्षात ठेवा. देशांतर्गत प्रवासात सामान हरवलं किंवा फुटलं तर विमान कंपनीची जबाबदारी माणशी २०,००० रुपयांपर्यंतच असते, आणि नाजूक वस्तूंची जबाबदारी कंपन्या सहसा झटकतात. लाखाच्या वरचा ड्रोन चेक-इनला देताना वेगळा विमा काढलेला बरा.

रस्त्याने

उसावर, द्राक्षांवर फवारणी करणाऱ्या ड्रोनच्या बाबतीत विमानाचा विषयच काढू नका. ९७७ वॅट-अवर म्हणजे वरच्या मर्यादेच्या सहापट. अशा बॅटऱ्या प्रवाशासोबत जात नाहीत. धोकादायक मालाच्या नियमांनी, ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज न ठेवता, फक्त मालवाहू विमानाने जातात. तो खर्च आणि कागदपत्रं एका प्रात्यक्षिकासाठी परवडणारी नाहीत. शिवाय टाकीत कीटकनाशकाचा अंश राहिलेला असतो, तोही विमानाला चालत नाही. पिकअपमधून न्या. बॅटऱ्या जनरेटर आणि पेट्रोलच्या कॅनपासून लांब, हवा खेळेल अशा पेटीत, उन्हाचा थेट झोत लागणार नाही अशा ठेवा.

कुरिअरने पाठवताना 'खेळणं' किंवा 'कॅमेऱ्याचे पार्ट' लिहून बॅटरी ढकलण्याचा प्रकार चालतो. पार्सल पुढे विमानाने जाणार की ट्रकने हे तुम्हाला कळत नाही. लिथियम बॅटरी न सांगता पाठवणं नियमबाह्य आहे आणि आग लागली तर नाव तुमचंच निघतं. फक्त ड्रोनची बॉडी कुरिअरने आणि लहान बॅटऱ्या हातात, ही विभागणी मात्र चालते.

बॅटरी बांधायची कशी

धोका शॉर्ट होण्याचा आहे. टर्मिनलच्या पितळी पट्ट्यांना किल्ली, नाणं किंवा दुसऱ्या बॅटरीची पट्टी लागली की करंट वाहतो, सेल तापतो आणि एका मर्यादेपलीकडे तो स्वतःच स्वतःला तापवत राहतो. केबिनमध्ये हे घडलं तर कर्मचारी पाण्याने बॅटरी थंड करू शकतात. सामानाच्या कप्प्यातला आग विझवणारा वायू ज्वाळा दाबतो, पण तापणं थांबवत नाही. सुट्या बॅटऱ्या वर ठेवायला सांगतात त्या याचसाठी.

वायरमन वापरतो ती काळी इन्सुलेशन टेप टर्मिनलवर लावा. सेलोटेपचा चिकटा पट्ट्यांवर राहतो आणि मग ड्रोन बॅटरी ओळखत नाही. ड्रोन कंपनीची टर्मिनलवर बसणारी टोपी मिळाली असेल तर टेपही नको. मग प्रत्येक बॅटरी वेगळ्या प्लास्टिक पिशवीत. आग न लागणाऱ्या कापडाची पिशवी घेतली तर चांगलंच, पण टेपचं काम ती करत नाही. चार्ज ४० ते ६० टक्के ठेवा: सुट्या लायपो (लिथियम पॉलिमर) पॅकमध्ये दर सेलला साधारण ३.८ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी बिघडली तर जास्त उग्रपणे पेटते, आणि अगदी रिकामी नेलेली आठवडाभरात इतकी खाली जाते की पुन्हा चार्जच घेत नाही. फुगलेली बॅटरी घरीच ठेवा. टेबलावर ठेवून बोटाने फिरवून पाहा. भिंगरीसारखी फिरली तर तिचं पोट सुटलेलं आहे.

परतीला चुका जास्त होतात. शूटिंग संपल्यावर दोन बॅटऱ्या तुडुंब भरलेल्या उरतात. त्या आपोआप खाली येतात, पण त्याला काही दिवस लागतात. आदल्या संध्याकाळी, परवानगी असलेल्या जागी, ड्रोन हवेत एका जागी धरून चार्ज निम्म्यावर आणा आणि बॅटरी थंड झाल्यावरच बांधा.

कोल्हापूर की पुणे

सांगलीहून कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडी पन्नासेक किलोमीटर, तर पुण्याचा लोहगाव सव्वादोनशेच्या वर. साताऱ्याहून दोन्ही जवळपास सारखंच, त्यामुळे खरी निवड सातारकरांना. कोल्हापूरला लहान विमानं येतात. एटीआर या लहान पंख्याच्या विमानाचे वरचे कप्पे एवढेसे असतात आणि हातातली बॅग शिडीशी मागण्याची शक्यता जास्त. मिनीसारखा छोटा ड्रोन सीटखाली मावतो, त्याला कोल्हापूर उत्तम. हार्ड केस असेल तर पुण्याहून थेट विमान घ्या, कारण वाटेत विमान बदललं की केस दोनदा जास्त उचलली-आपटली जाते. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे. तिथे टर्मिनलबाहेर 'चालतोय का बघू' म्हणून ड्रोन चालू करायला जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये खंबाटकीच्या कोंडीत अडकलात तर डिकी भट्टी होते. बॅटऱ्यांचा पाऊच एसी चालू असलेल्या गाडीत, पायाशी.

ड्रोनच्या नोंदणी क्रमांकाची छापील प्रत बॅगेत असू द्या. परदेशी जात असाल तर आधी त्या देशाचा नियम बघा. मोरोक्को आणि इजिप्तमध्ये पर्यटकाचा ड्रोन विमानतळावरच काढून घेतात. निघताना इथल्या कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, त्यावर ड्रोनचा सिरियल नंबर आलाय का ते काउंटरवरच तपासा. २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, आणि परतताना ड्रोन जाहीर करावा लागतो. तो इथूनच नेला होता हे दाखवायला तोच कागद लागतो.