एएसडी बंद करायचं: छत्री की ऑपरेशन?

“छातीवर चीर येणार नाही ना?” हृदयाच्या पडद्याला छिद्र निघालं की घरातला पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो, आणि मुलगी असेल तर हमखास. प्रश्न रास्त आहे, पण छिद्र शिरेतून नेलेल्या छत्रीने (छत्रीसारख्या उघडणाऱ्या तबकड्यांनी) बुजवायचं की ऑपरेशनने, हा निर्णय त्यावर ठरत नाही. तो ठरतो टूडी इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) दिसणाऱ्या काही मिलिमीटरवर.

इथे फक्त एएसडीचा विचार केला आहे, म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचं छिद्र. खालच्या कप्प्यांमधल्या व्हीएसडीचं गणित निराळं. त्यातली बरीच लहान छिद्रं आपोआप बुजतात, आणि काही ठिकाणी छत्री बसवली तर ठोक्यांची वीज वाहून नेणारा धागा दाबला जाऊ शकतो. शेजारच्या बाळाचं व्हीएसडी कसं बरं झालं, हे ऐकून एएसडीचा निर्णय घेऊ नका.

एएसडीतही प्रकार आहेत. पडद्याच्या मध्यावर असतं ते सेकंडम, सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत हेच. छत्रीचा पर्याय यालाच. प्रायमम झडपेला लागून असतं, तिथे शस्त्रक्रियाच. सायनस व्हेनोससमध्येही नेहमीचा मार्ग शस्त्रक्रियेचा, कारण तिथे फुप्फुसाकडून येणारी रक्तवाहिनी बरेचदा चुकीच्या जागी जोडलेली असते. रिपोर्टवर हे दोन शब्द असतील तर छत्रीसाठी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या डॉक्टरकडे फिरण्यात अर्थ नाही.

आता सेकंडम. छत्री म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या तारेच्या दोन तबकड्या, मध्ये बारीक कंबर, आत पॉलिस्टरचं कापड. जांघेतल्या शिरेतून ती घडी करून नेतात आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना उघडतात. तिला धरायला छिद्राभोवती कड लागते, डॉक्टर तिला रिम म्हणतात. साधारण 5 मिलिमीटर कड पुरेशी मानतात. महाधमनीच्या बाजूची कड कमी असली तरी पुष्कळदा छत्री बसते, पण खालच्या महाशिरेकडची कड नसेल तर ती टिकेल याचा भरवसा नाही. शस्त्रक्रियेत हा प्रश्नच नसतो. हृदय-फुप्फुसांचं काम तात्पुरतं सांभाळणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर घेऊन छिद्र सरळ शिवतात, किंवा रुग्णाच्याच हृदयावरणाचा तुकडा ठिगळासारखा लावतात.

दोन्हींची तुलना करणारा, सतत उद्धृत होणारा अमेरिकेतला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. 442 जणांना छत्री, 154 जणांची शस्त्रक्रिया. मृत्यू दोन्हीकडे शून्य. प्रयत्न यशस्वी होण्याचं प्रमाण छत्रीत 95.7 टक्के, शस्त्रक्रियेत 100. गुंतागुंत छत्रीत 7.2 टक्के, शस्त्रक्रियेत 24. मुक्काम सरासरी एक दिवस विरुद्ध साडेतीन दिवसांच्या आसपास. आकडे छत्रीच्या बाजूने बोलतात, पण एक खोच आहे: चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. शस्त्रक्रियेच्या गटातल्या मुलांचं मध्यक वय 4.1 वर्षं, छत्रीच्या गटात 9.8. शिवाय त्या 24 टक्क्यांत किरकोळ-गंभीर सगळंच मोजलेलं आहे. म्हणून हा आकडा ऐकून घाबरू नका.

छत्रीचा खरा घोर वेगळाच आहे. क्वचित तिची कड हृदयाच्या भिंतीला घासत राहते आणि भिंत झिजते. औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने 2013 मध्ये याचा इशारा दिला; प्रमाण दर हजारी 1 ते 3. दुर्मिळ, पण जिवावरचं, आणि काहींत ते वर्षांनंतरही घडलेलं आहे. छिद्राच्या मानाने मोठी छत्री आणि महाधमनीकडची तोकडी कड, याकडे संशयाने पाहिलं जातं. छत्री बसवल्यावर छातीत दुखलं, चक्कर आली, दम लागला तर “गॅसेस असतील” म्हणत थांबू नये, त्याच दिवशी इको करावा.

शस्त्रक्रियेचे त्रास बहुधा लवकर आणि उघड दिसतात: छातीचं हाड जुळायला सहा आठवडे, कधी दोन-तीन आठवड्यांनी ताप आणि हृदयाभोवती पाणी. उजव्या कुशीतून छोटी चीर घेऊनही ऑपरेशन होतं. मुलगी वयात यायची असेल तर ती चीर पुढे स्तनाच्या वाढीच्या आड येणार नाही ना, हे आधी विचारावं.

छत्रीनंतर साधारण सहा महिने अॅस्पिरिन. काहींना नव्याने अर्धशिशी सुरू होते. कॅनडातल्या 171 रुग्णांच्या चाचणीत, सोबत क्लोपिडोग्रेल (गुठळ्या रोखणारं औषध) दिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत हे प्रमाण 21.8 वरून 9.5 टक्क्यांवर आलं. निकेलची अॅलर्जी असेल, खोट्या दागिन्यांनी कान चिघळत असतील, तर आधीच सांगावं.

आता काळाची बाजू, तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. शस्त्रक्रियेने एएसडी 1952 सालीच मिनेसोटात बंद झालं, आणि पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात सर्जन जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनवर. कॅथेटरने (शिरेतून नेलेल्या बारीक नळीने) पहिलं छिद्र 1975 मध्ये बंद झालं, पण अमेरिकेत छत्रीला परवानगी मिळाली ती 2001 च्या डिसेंबरमध्ये. तेव्हा पाच वर्षांचं असलेलं मूल आज कुठे तिशीच्या आसपास आहे. साठीत ती छत्री कशी वागेल, हे दाखवणारा रुग्ण अजून व्हायचाय. शस्त्रक्रियेचा हिशेब मात्र हाती आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 1956 ते 60 दरम्यानच्या 123 रुग्णांकडे तीन दशकांनी पाहिलं. पंचविशीच्या आत ऑपरेशन झालेल्यांचं आयुर्मान चारचौघांसारखंच होतं. चाळिशीनंतर झालेल्यांचं तसं नव्हतं.

म्हणून माझं मत: कडा चांगल्या, छिद्र मध्यम, मूल वजनाने बरं, तर छत्री, आणि त्यात फार घोळ घालू नये. कडा तोकड्या, छिद्र मोठं, आणि डॉक्टर “प्रयत्न करून बघू” म्हणत असतील, तर मी सरळ शस्त्रक्रियेकडे झुकेन. छोट्या छातीत अवाढव्य छत्री दाबून बसवण्याचा हट्ट चिरेच्या भीतीपोटी धरायचा नाही. चाळिशीपुढच्यांनी आधी फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब आणि प्रतिरोध मोजून घ्यावा. तो फार वाढलेला असेल तर छिद्र बंद करणंच घातक ठरू शकतं.

पैशाचं म्हणाल तर खाजगीत छत्रीची किंमतच बिलाचा मोठा हिस्सा असते. महाराष्ट्रात शाळा-अंगणवाडीतल्या तपासणीत छिद्र सापडलं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून पुढे पाठवतात, आणि फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी करावी. खारघरच्या सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांवर मोफत उपचार होतात.

भेटीला जाताना इकोची फाईल सोबत ठेवा आणि तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: छिद्र किती मिलिमीटर, महाशिरेकडची कड किती, आणि उजवा कप्पा किती सुजलाय.